सोबतीचा अर्ज

आमच्या गावात सरपंचपदासाठी कधी मतदान झालेलं नाही. बाहेरून कुणी अधिकारी आले की गावातली म्हातारी माणसं चहाच्या आधी ही गोष्ट सांगतात, आणि सांगून झाली की सगळे माझ्याकडे बघतात. गेली चार वर्षं मी सरपंच आहे. मी मान हलवते. बिनविरोध निवडून आलेली, वयानं लहान, पदवीधर, असं माझं वर्णन होतं आणि त्यात खोटं काही नाही. पण मी या खुर्चीवर कशी आले ते त्या गोष्टीत नसतं. ते आज लिहिते. नावं कुणाचीच लिहीत नाही. जिचं यात सगळ्यात जास्त आहे तिनं 'लिहून ठेवा' म्हटलं, म्हणून लिहिते.

आमचं गाव वडीगोद्रीच्या फाट्यावरून आत आहे. खेडं म्हणावं तर मोठं आणि शहर म्हणावं तर काहीच नाही. गुरुवारचा बाजार, दहावीपर्यंतची शाळा, तीन पिठाच्या गिरण्या आणि दोन आळ्या. वरची आळी आमची, धनगरांची. आमची जुनी माणसं उन्हाळ्यात मेंढरं घेऊन इथल्या ओढ्याच्या काठी उतरायची. एका वर्षी एका बाईचं बाळंतपण अडलं, म्हणून कळप पुढे गेला आणि चार घरं मागे राहिली. ती चार घरं म्हणजे वरची आळी, असं सांगतात. खालची आळी मुसलमानांची. निजामाच्या काळात रस्त्यावर चौकी होती, तिच्या आधारानं पिंजारी, बांगडीवाले, कापडवाले इथे राहायला आले. त्यांच्या घरात उर्दू, बाजारात मराठी. आमच्या बोलण्यात त्यांचं इतकं मिसळलेलं आहे की 'बराबर' आणि 'जल्दी' हे शब्द सगळीकडे आमच्यासारखे येता-जाता म्हणत नाहीत, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

ग्रामपंचायत आली तेव्हा दोन्ही आळ्यांची माणसं चावडीपुढच्या लिंबाखाली बसली आणि त्यांनी पाळी ठरवली. एकदा सरपंच वरच्या आळीचा, एकदा खालच्या. ज्याची पाळी त्यानं नाव ठरवायचं, दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. पुढे आरक्षण आलं, महिलांच्या जागा आल्या, तरी पाळी मोडली नाही. आरक्षणात बसेल असं माणूस त्या आळीतून शोधायचं, एवढंच काम वाढलं.

अर्ज मात्र दोन भरायचे. एखादा कागद कमी पडून अर्ज उडाला तर पाळी वाया जाऊ नये म्हणून दुसरा. तरुण पोरं त्याला डमी म्हणतात, म्हातारी माणसं सोबतीचा अर्ज म्हणतात. तो कुणी भरायचा याचाही रिवाज आहे. ज्याला खुर्ची नको असल्याची गावाला पक्की खात्री असेल, त्यानं. छाननी पार पडली की तो तहसीलला जाऊन आपला अर्ज मागे घेऊन येतो. एका पाळीला असा अर्ज एका आजोबांनी भरला होता. ते मागे घेऊन येताना अंबडहून शेरभर भजी घेऊन आले, आणि त्या निवडणुकीची गावाला तेवढीच आठवण आहे.

त्या वर्षी पाळी वरच्या आळीची होती आणि जागा इतर मागास महिलांसाठी राखीव निघाली. आळीनं काकूचं नाव ठरवलं.

काकू माझी सख्खी काकू नाही, भावकीतली आहे. पण माझं निम्मं लहानपण तिच्या घरात गेलं. माझे आईवडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचे ते जेठात परत यायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून काकूनं मला ठेवून घेतलं. पहिलीपासून दहावीपर्यंत, वर्षातले सात महिने. माझे केस तिनं विंचरले, माझ्या उवा तिनं काढल्या. मी अंबडच्या कॉलेजला जायला लागले तेव्हा सकाळच्या एसटीच्या आधी तिचा डबा तयार असायचा. तिच्या दोन मुलांना ती म्हणायची, "तुम्ही उशिरा जेवला तर मरत न्हाईत. हिची गाडी चुकली की वर्ग चुकतो."

एकट्या काकूचंच नाही. पावसाळ्यात एसटीचा ड्रायव्हर मी दिसेपर्यंत फाट्यावर थांबायचा. खालच्या आळीतल्या पिंजारी चाचांनी मला अभ्यासाला बसायला कापसाची गादी भरून दिली, दारावर आणून दिली. मी बी.एस्सी. झाले तेव्हा गावानं फाट्यावर बॅनर लावला. त्यावर माझा आधार कार्डावरचा फोटो होता, त्यामुळे मी एखाद्या गुन्ह्यात सापडल्यासारखी दिसत होते. तो बॅनर बघून माझी आई रस्त्यावर उभी राहून रडली.

मला पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. वनस्पतिशास्त्र. वसतिगृहात खोलीही मिळाली होती. शुक्रवारी दुपारपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी लोखंडी पेटी आणून तिला कुलूपही लावून बघितलं होतं. गुरुवारी सकाळी निघायचं ठरलं होतं. मी जाणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. माझ्याइतकी खुर्ची नको असलेली बाई आळीत दुसरी नव्हती. शिवाय एकवीस पूर्ण होऊन मला चार महिने झाले होते आणि कॉलेजच्या प्रवेशामुळे माझ्याकडे जात पडताळणीचा कागद तयार होता. तेव्हा सोबतीचा अर्ज माझा, हे चावडीवर पाच मिनिटांत ठरलं. सोमवारी छाननी, बुधवारी तीन वाजेपर्यंत अर्ज मागे घ्यायचा, गुरुवारी पुणे. सगळं बराबर बसत होतं.

दोन्ही अर्ज मीच भरले. गावातले बहुतेक अर्ज मीच भरायचे. शिष्यवृत्तीचे, रेशनचे, पीकविम्याचे. विचारायचं आणि सांगतील ते लिहायचं. अंबडला तहसीलसमोर एक संगणकाचं दुकान आहे, तिथे मी आणि काकू बसलो. दुकानदार गर्दीला कंटाळलेला होता. "ताई, तुम्हीच भरा," असं म्हणून त्यानं कळफलक माझ्यापुढे सरकवला आणि बाहेर पान खायला गेला. काका, म्हणजे काकूचे मालक, झेरॉक्सच्या रांगेत होते. आत आम्ही दोघीच.

काकू खुर्चीच्या कडेवर बसली होती. नवं लुगडं, डोक्यावर पदर.

"शिक्षण?"

"सातवी. लिही, पास. नापास झाल्ते पर परत दिल्ती परीक्षा."

"नापास कुणी विचारत नाही गं."

"विचारलं तर सांगायला पायजे ना."

घर, शेत, संडास, सगळं विचारत विचारत मी खाली आले.

"अपत्ये किती?"

"दोन," काकू म्हणाली. मी दोनचा आकडा दाबला आणि पुढच्या रकान्यात गेले.

"थांब," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती. "तीन लिही."

मी आठ वर्षांची असताना काकूला तिसरी मुलगी झाली. काकूच्या जावेला मूल नव्हतं. घर एकच, अंगण एकच, मधे फक्त एक भिंत. बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्यात घालायच्या ऐवजी जावेच्या ओटीत घातलं. वर खण आणि नारळ. बाळाचं टोपडं माझ्या हातात होतं आणि ते कुणाला द्यायचं हे मला कळेना, म्हणून मी आधी काकूकडे बघितलं. काकूनं तोंड फिरवलं नाही. ओटीतला नारळ बाळाला लागत होता, तो ती नीट बसवत होती. पुढे दत्तकाचा कागदही झाला. मुलीच्या शाळेत, आधारवर, सगळीकडे जावेचं आणि दिराचं नाव लागलं. गावातल्या मोठ्या माणसांना माहीत होतं, पण गाव असल्या गोष्टीत शहाणं असतं. कुणी एका शब्दानं कधी बोललं नाही. मुलगी तेरा वर्षांची झाली होती. ती काकूला काकू म्हणायची आणि मीही काकूच म्हणायचे, त्यामुळे अंगणात कुणी 'काकू' अशी हाक मारली की काकू दोघींसाठी एकदम 'आले' म्हणायची.

तिसरं मूल असलं की निवडणूक लढवता येत नाही, हा नियम मला माहीत नव्हता असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही तो पाठ असतो. माझं बोट थांबलं. पण मी मनात म्हटलं, मुलगी कायद्यानं दत्तक दिलेली आहे, ती आता त्यांची झाली, तेव्हा ती मोजली जाणार नाही. कुठलंही पुस्तक न बघता, कुणाला न विचारता मी हे ठरवलं. पदवी मिळून दीड महिना झाला होता. आणि दुसरं असं की काकूचा चेहरा मी बघितला होता. तेरा वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता, आणि तो विचारणारी मी होते. मी दोन खोडलं आणि तीन लिहिलं.

"बाळंतपणं तर तीनच झाली ना," काकू म्हणाली. मग तिनं हळूच विचारलं, "काही होत न्हाई ना?"

"काही होत नाही," मी म्हणाले.

सोमवारी छाननीला आम्ही तिघं आत गेलो. काकू, तिचे सूचक म्हणून काका, आणि मी. निवडणूक अधिकारी दमलेला माणूस होता, त्याच्यापुढे गठ्ठे होते. त्यानं काकूचा अर्ज उघडला, शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तिसरं अपत्य आहे तुम्हाला."

काका म्हणाले, "न्हाई साहेब, दोनच."

"तुमच्या अर्जात तीन आहे."

काकांनी अर्जाकडे बघितलं, मग काकूकडे. "ती भावाला दिलीय साहेब. दत्तक. कागद हाये आपल्याकडं."

"दत्तक दिलं तरी जन्म तुमच्याकडचाच धरतात. जन्मतारीख मुदतीनंतरची आहे. मी काही करू शकत नाही." मग तो म्हणाला, "कुणी लिहिलं हे?"

मी म्हणाले, "मी."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि माझा अर्ज उघडला. माझ्या अर्जात एकही चूक नव्हती. "हा वैध आहे," तो म्हणाला, "अभिनंदन."

बाहेर फळ्यावर यादी लागली. काकूच्या नावापुढे अवैध, माझ्या नावापुढे वैध. कारण लिहिलेलं नव्हतं. येताना काळ्या-पिवळ्या जीपमध्ये काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि गाव येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

चावडीवर माणसं वाट बघत होती. हार आणून ठेवलेले होते. काका उतरले आणि एवढंच म्हणाले, "कागदात घोटाळा झाला. हिचा अर्ज उडाला."

"कसला घोटाळा?"

"कागदात."

"कागद कुणी भरला?" मागून कुणीतरी विचारलं.

काकू माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात माझ्या हाताला लागत होता. काकांनी जमिनीकडे बघितलं. खरं सांगायचं म्हणजे तीन मुलांचं सांगायचं, आणि चावडीवरून ते त्या अंगणात पोचायला दहा मिनिटं पुरली असती. मी म्हणाले, "मीच भरला. माझीच चूक झाली."

गाव चिडलं असतं तर बरं झालं असतं. मी तोंडावर शिव्या घेतल्या असत्या आणि गुरुवारी पेटी उचलून निघाले असते. पण एक म्हातारी पुढे आली, तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "होतं माय. चुकतं माणूस. एवढं शिकलीस, डोक्याला ताण असतो." दुसरा म्हणाला, "आणि देवाची करणी बघा, सोबतीचा अर्ज हिचाच. म्हंजे पाळी वाचली." मग ते हार कुणीतरी माझ्याच गळ्यात घातले. कुणी मला विचारलं नाही आणि कुणी जबरदस्तीही केली नाही. त्यांना वाटलं, माझ्या हातून झालेलं मी भरून काढणार, त्यात विचारायचं काय? चांगल्या घरची मुलगी आहे.

मी अर्ज मागे घेतला तर काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. उमेदवारच नाही म्हणून जागा रिकामी. प्रशासक बसणार, पुन्हा निवडणूक लागणार. आणि फाट्यावर हॉटेल टाकलेला एक माणूस दोन पाळ्यांपासून टपून बसला होता. त्याला पाळी मान्य नव्हती. त्याला मतदानाची पेटी हवी होती.

मंगळवारी सकाळी पिंजारी चाचा आमच्या दारात आले. ते आत आले नाहीत, ओट्यावरच टेकले.

"बेटी, पाळी तुमची हाये," ते म्हणाले. "तुमची गडबडली म्हणून खालची आळी उडी मारनार न्हाई. ते डोक्यातून काढून टाक."

"चाचा, मला पुण्याला जायचंय."

"माहीत हाये. गादी उसवून नवा कापूस भरून देनार होतो तुला." त्यांनी चावडीकडे बघितलं. "माझ्या वालिदनं, बापानं, त्या लिंबाखाली हातात हात दिल्ता. एकदा पेटी आली ना गावात, मंग ती जात न्हाई. पर तुझ्यावर सक्ती न्हाई. बिलकुल न्हाई."

'सक्ती नाही' हे मला त्या दोन दिवसांत किती जणांनी सांगितलं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी घर थोडं लहान झाल्यासारखं वाटायचं.

दुपारी काकूची जाऊ ताक घेऊन आली. ती आमच्याकडे सहसा येत नसे. तांब्या ठेवून ती उभीच राहिली.

"पोरगी इचारत होती," ती म्हणाली. "काकूचा अर्ज का उडाला म्हणून. शाळेत पोरी बोलून राह्यल्या म्हणे."

"मग?"

"म्या सांगितलं, कागदात चूक झाली." ती माझ्याकडे बघत राहिली. "तेच हाये ना?"

"तेच आहे," मी म्हणाले.

तिनं तांब्याही परत नेला नाही, तशीच घाईनं गेली.

संध्याकाळी मी आबांजवळ गेले. ते वाड्यात, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. आबांना सही करता येते, त्यापुढे लिहिता येत नाही. माझ्या शिक्षणाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही आणि कधी सल्लाही दिला नाही.

"आबा, काय करू?"

"मला काय इचारतीस? मला मेंढरातलं कळतं."

"मग मेंढरातलंच सांगा."

त्यांनी मेंढीचा पाय सोडला. "कळपाच्या पुढं जे मेंढरू चालतं ना, लोकांना वाटतं ते लय हुशार. तसं काई नसतं. मागच्यांनी ढकललेलं असतं त्याला. त्याला थांबायची जागाच नसती." मग ते म्हणाले, "पेटी भरून ठेव. न्हाई लागली तर कपडे काढून ठेवता येतील."

त्यांना खरं काय झालं ते मी सांगितलं नाही. आईलाही नाही. सांगितलं असतं तर दोघांनी मला 'जा' म्हटलं असतं, आणि मग ते दोघंही त्या गोष्टीत अडकले असते.

बुधवारी मी अर्ज मागे घ्यायचा नमुना भरून, सही करून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि फाट्यावर गेले. काकू तिथे आधीच उभी होती.

"मी पन येते," ती म्हणाली.

"कशाला?"

"येते."

अंबडला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. तहसीलच्या व्हरांड्यात एक लांब बाक होतं, त्यावर बसलो. आत कारकून, त्याच्या डोक्यावर घड्याळ. माणसं येत होती, अर्ज मागे घेत होती. एका गावाचे दोन उमेदवार एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आले आणि एकानं दुसऱ्यासाठी माघार घेतली. जाताना त्यांनी व्हरांड्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले. आम्हालाही दिले. काकूनं तिचा पेढा रुमालात बांधून ठेवला.

दोन वाजता ती म्हणाली, "दे तो कागद आत. गावाला मी सांगते."

"काय सांगशील?"

"चावडीवर उभी राहून सांगते. पोरीची चूक न्हाई म्हणून. तीन हायेत म्हणून म्याच लिहायला लावलं."

"आणि तिला?"

समोर लोक जोडे काढून आत जात होते, जोडे घालून बाहेर येत होते.

"तिला पन कळंल मंग," ती म्हणाली.

"चावडीवरून?"

"चावडीवरून."

मी बघितलं तेव्हा ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि पुन्हा सोडत होती. ती खरंच सांगायला तयार होती, यात मला शंका नाही. पोरीनं तिला पुन्हा कधी हाक मारली नसती तरी तिनं सांगितलं असतं, कारण माझी गाडी चुकू नये हे तिनं वर्षानुवर्षं बघितलं होतं.

अडीच वाजले. मी पिशवी मांडीवर धरून होते. मी काही ठरवलं असं मला म्हणता येणार नाही. लोक आता म्हणतात, तू गावासाठी त्याग केलास. मी फक्त बसून राहिले. मला वाटत होतं, काकूनं अजून एकदा म्हणावं. तिनं एकदा जरी म्हटलं असतं, 'जा, दे,' तर मी उठले असते. ती म्हणाली नाही. आणि ती म्हणत नाही म्हणून मला तिचा राग आला, आणि राग आला म्हणून माझीच मला लाज वाटली.

कारकुनानं दारातून डोकं बाहेर काढलं. "कुणाचं राहिलंय का मागे घ्यायचं? पाच मिनिटं आहेत."

काकू माझ्याकडे बघत नव्हती. ती घड्याळाकडेही बघत नव्हती. मी पिशवीला दोनदा घडी घातली.

"ताई, तुमचं आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "आम्ही असंच बसलोय."

तीन वाजले तेव्हा आत कुणीतरी खिडकी लावून घेतली.

पुण्याची जागा शुक्रवारी यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. मी तिला कधी पाहिलं नाही, पण तिचा विचार येतो. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन असं म्हणत होते, पण सरपंचानं तालुक्याच्या बैठका सोडून पुण्यात राहायचं कसं? मधेच राजीनामा दिला तर पुन्हा तीच निवडणूक, तीच पेटी. नळाचं पाणी, शाळेची गळकी खोली, दाखले, सह्या. काही कामं चांगली झाली, ती मी केली असं म्हणायला मला संकोच वाटत नाही. बाकी गाव पूर्वीइतकंच माझ्यावर माया करतं. फाट्यावर पुन्हा बॅनर लागला, फोटो तोच. कुठेही निघाले की चार माणसं विचारतात, "कुठं निघालात सरपंच, कधी येनार?" पूर्वी एसटी थांबवणारीच ही माणसं. त्यांचं विचारणं बदललेलं नाही. तेव्हा मी निघाले आहे याचा त्यांना आनंद व्हायचा, आता मी परत येणार ना याची खात्री करून घेतात. मला या गावानं जे दिलं ते मी नाकारू शकत नाही. ते नाकारता आलं असतं तर निघणं सोपं झालं असतं.

काकूनं पोरीला गेल्या उन्हाळ्यात स्वतःच सांगितलं, शेवया वाळत घालताना, जावेला शेजारी बसवून. पोरगी 'बरं' म्हणाली आणि दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. अजून ती काकूला काकूच म्हणते. त्या अर्जाचं मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, हे तुम्ही लिहून ठेवा." म्हणजे आता मला गप्प राहायचं कारण उरलेलं नाही. पाळी संपायला एक वर्ष आहे. पुढची पाळी खालच्या आळीची. तेव्हा मी सव्वीस वर्षांची असेन, आणि एम.एस्सी.चे अर्ज कसे भरतात ते मला पुन्हा बघावं लागेल.

त्या बुधवारी परत येताना काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मागच्या बाजूला आम्ही दोघीच होतो. वडीगोद्री जवळ आली. मग काकूनं रुमाल सोडला, पेढ्याचे दोन तुकडे केले आणि एक मला दिला.

"तो अर्ज," ती म्हणाली. "माझा. जो उडाला. तो फाडून टाकत्यात का?"

"नाही. तहसीलमध्येच राहतो. गठ्ठ्यात बांधून ठेवतात."

"किती दिवस?"

"माहीत नाही. पुष्कळ वर्षं."

"त्याच्यात लिहिलंय तसंच राहतं?"

"तसंच राहतं."

काकूनं मान हलवली. तिनं तिचा तुकडा तोंडात टाकला आणि बाहेर बघत तो खूप वेळ चघळत राहिली. फाट्यावर ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत माणसं उभी होती आणि कुणीतरी लांबूनच गुलालाची पिशवी उंच धरून दाखवत होतं. काकूनं माझ्या ओढणीचं टोक घेतलं आणि गुलाल डोळ्यात जाऊ नये म्हणून माझ्या डोक्यावरून कपाळापर्यंत नीट ओढून दिलं.